ॲडमिनदादांनो, पातळी किती आणि किती वाजताची?

कोल्हापुरातल्या तालमी, तरुण मंडळं, गल्ल्या आणि अपार्टमेंट यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपच्या सर्व ॲडमिनना,

स. न. वि. वि.

मी पाटबंधारे खात्यातनं निवृत्त झालेला कारकून. शुक्रवार पेठेत राहतो. नोकरीतले किती तरी पावसाळे पूरनियंत्रण कक्षात फोनजवळ बसून काढले. पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्याच्या पट्टीवरचा आकडा फोनवर यायचा आणि मी तो वहीत उतरवायचो. फूट, इंच, वेळ आणि आकडा कुणी कळवला त्याचं नाव. यातलं एक जरी राहिलं तरी वही माझ्यापुढे परत यायची. "वेळ नसलेला आकडा हा आकडाच नव्हे," असं आमचे एक जुने साहेब म्हणायचे. त्या वयात मला ती कटकट वाटायची.

खरं तर कोल्हापूरकराला हे कुणी शिकवावं लागत नाही. जुलै लागला की दूध आणायला गेलेला माणूससुद्धा विचारतो, "पाणी किती झालं?" त्यावर नुसतं "वाढलंय" म्हटलेलं कुणाला चालत नाही.

"चाळीस फूट दोन इंच."

"कवाचं?"

"चारचं."

मग कुठं माणूस पुढं जातो. एकोणचाळीसला इशारा आणि त्रेचाळीसला धोका, हे आपल्याकडं शाळेतल्या पोराला पाठ असतं. कुणी सकाळी आठचा आकडा दुपारी टाकला तर तुमच्याच ग्रुपवर चार जण त्याला झापतात, "जुनं टाकू नका राव, लोक घाबरतात." हे मी माझ्या डोळ्यांनी वाचलेलं आहे आणि मला त्याचा अभिमान वाटत आलेला आहे. २०१९ चा महापूर ही माझी शेवटची मोठी ड्युटी. त्या ऑगस्टमध्ये एका रात्री "राधानगरी फुटलं का?" असं विचारणारे इतके फोन आले, की खरी पातळी कळवणाऱ्याला आमची लाईनच मिळेना. राधानगरी धरणाला सात स्वयंचलित दरवाजे आहेत. पाणी ठरलेल्या पातळीला पोचलं की ते आपोआप उघडतात. कुणी तरी "उघडले"चं "फुटलं" केलं होतं आणि नदीकाठच्या गल्ल्यांत माणसं पोरंबाळं घेऊन अंधारात बाहेर पडली होती. पण सकाळपर्यंत ते निस्तरलं. निस्तरलं ते ग्रुपवरच. कुणी तरी आकडा टाकला, वेळ टाकली, कुठून कळलं ते टाकलं. त्या आठवड्यात बोट कुठं पाठवायची, दूध कुठं पोचवायचं, कोण म्हातारं माणूस माडीवर अडकलंय, हे सगळं तुमच्या ग्रुपवरनं चाललं. म्हणून हे पत्र मी पोलिसांना किंवा पेपरच्या संपादकांना न लिहिता तुम्हाला लिहितोय.

आता ज्यासाठी लेखणी उचलली ते.

२२ एप्रिल २०२५ ला, मंगळवारी दुपारी, पहलगामजवळच्या बैसरनच्या कुरणात अतिरेक्यांनी २६ माणसं मारली. आपल्या राज्यातली सहा. डोंबिवलीचे तिघं, पुण्याचे दोघं आणि पनवेलचे एक. वाचलेल्या लोकांनी सांगितलं, की धर्म विचारून गोळ्या घातल्या. हे मी सुरुवातीलाच लिहून ठेवतो, कारण पुढचं वाचताना कुणाच्या मनात यायला नको की या म्हाताऱ्याला त्या मेलेल्यांचं काही नाही. माझी भाची, जावई आणि त्यांची दोन पोरं त्या दिवशी श्रीनगरात होती. संध्याकाळी पाचपासून आम्ही फोन लावत होतो. रात्री पावणेदहाला तिचा आवाज ऐकला, तेव्हा माझी बहीण देवघरासमोर बसली ती बराच वेळ उठलीच नाही. राग काय असतो तो मला माहीत आहे. त्या रात्री मलाही झोप आली नव्हती.

दुसऱ्या दिवशी, बुधवारी, रात्री आठ वाजून चाळीस मिनिटांनी आमच्या गल्लीच्या ग्रुपवर एक फोटो आला. आमच्या बोळाच्या तोंडाला उन्हाळ्यात आंब्याची गाडी लावणारे मामू. बावीस वर्षं लावतात. सगळी पेठ त्यांना मामूच म्हणते. फोटोत त्यांच्या हातात मिठाईचा उघडा बॉक्स, चेहऱ्यावर हसू, शेजारी दोघं-तिघं तोंड गोड करताहेत. खाली लिहिलेलं, "काल तिकडे आपली माणसं मेली आणि आज इकडे पेढे वाटले. ओळखून ठेवा. आंबे कुणाकडनं घ्यायचे ते तुम्ही ठरवा."

मी तो फोटो बघितला आणि उठून फ्रीज उघडला. त्यातली मिठाई माझ्या फ्रीजमध्ये होती.

ती सोमवारची होती. मामूंना नात झाली होती आणि मुलगी झाली म्हणून त्यांनी बर्फी वाटली होती. मुलगा झाला की पेढे, मुलगी झाली की बर्फी, ही रीत त्यांच्याही घरात आहे. सोमवारी संध्याकाळी ते आमच्या दारात आले, "वैनी, नात झाली" म्हणाले आणि चार तुकडे देऊन गेले. दोन आम्ही खाल्ले होते, दोन शिल्लक होते. सोमवार म्हणजे २१ एप्रिल. हल्ला झाला २२ ला.

पुढे चौकशी केली तेव्हा कळलं, की फोटो मामूंच्या मुलाने स्वतःच्या स्टेटसला ठेवला होता. वर लिहिलं होतं, की घरात मुलगी आली, सर्वांचे आशीर्वाद असू द्या. कुणी तरी त्याचा स्क्रीनशॉट घेतला, वरची ओळ कापली आणि खाली आपली ओळ लावली. एवढंच काम. बोटाच्या दोन हालचाली. फोटो खरा होता, माणूस खरा होता, मिठाई खरी होती. फक्त वार काढून टाकला होता.

आणि आता माझी चूक. मला रात्री आठ चाळीसला सगळं माहीत होतं. मी फोन हातात धरून बसलो. टाईप केलं, पुसलं. ग्रुपवर एकामागून एक मेसेज पडत होते, रागाच्या इमोजी पडत होत्या आणि त्यात ज्यांच्या मांडीला मांडी लावून मी गणपतीची वर्गणी मोजली ती माणसं होती. मला वाटलं, आत्ता बोललो तर म्हणतील, हा बघा, आज कुणाची बाजू घेतोय. सकाळी वातावरण निवळलं की सांगू. नोकरीत मी आलेला आकडा वहीत घ्यायला पाच मिनिटं उशीर केला नाही आणि इथे तेरा तास बसून राहिलो. गुरुवारी सकाळी पावणेदहाला मी लिहिलं, "ही बर्फी सोमवारची आहे, माझ्या घरीही आली होती." तोवर फोटो कुठल्या कुठे गेला होता.

मामू त्या सकाळी आठला नेहमीसारखे गाडी लावायला आले होते. पाच-सहा पोरं आली. कुणी हात लावला नाही, मी खोटं सांगणार नाही. त्यांनी गाडीभोवती कडं केलं आणि एकाने विचारलं, "नाव काय तुझं?" ज्या माणसाचं नाव सगळ्या पेठेला बावीस वर्षं माहीत आहे त्याला. "पूर्ण नाव सांग. मोठ्यानं." मामूंनी सांगितलं. मग मोबाईल समोर धरून "हे पेढे कसले?" म्हणून विचारलं. ते म्हणत राहिले, "अरे बाळा, बर्फी आहे रे ती, नात झाली." कुणाला ऐकायचं नव्हतं. एकाने व्हिडिओ घेतला. मामूंनी पेट्या परत टेम्पोत चढवल्या. एक पायरीची पेटी निसटून फुटली आणि आंबे गटारीपर्यंत घरंगळले, ते त्यांनी उचललेही नाहीत. हे मला समोरच्या पीठगिरणीवाल्या ताईंनी सांगितलं. त्या उंबऱ्यात उभ्या होत्या, हातावर पीठ तसंच. "मी पन बोलले नाही वो काका," म्हणाल्या.

नाव विचारणं. बैसरनच्या कुरणात काय झालं ते ऐकून आपलं रक्त उसळलं होतं ना? मग दोन दिवसांच्या आत आपल्या बोळात, आपल्या पोरांनी, तोच प्रश्न विचारला. याच्यावर मला जास्त काही लिहिता येत नाही.

अक्षय तृतीया ३० एप्रिलला होती. आंबेवाल्याचा वर्षाचा मोठा दिवस. मामू आले नाहीत. त्यानंतरही आले नाहीत. मे संपला, पाऊस लागला, आंबा संपला.

माझ्या ओळखीच्या एका सद्‌गृहस्थांनी मला सल्ला दिला, की हे पत्र लिहिणार असाल तर मामूंनी पुरात काय काय मदत केली तेही लिहा, लोकांच्या काळजाला भिडेल. मी ते लिहिणार नाही. त्यांनी मदत केली असेल, नसेल. आपल्या बोळात आंबे विकायला माणसाने चांगला आंबा द्यावा आणि वजनात मारू नये, एवढंच पुरेसं असलं पाहिजे. भाजी विकणाऱ्याने माझ्याकडनं कधी देशभक्तीचा पुरावा मागितलेला नाही. तसंच, राजर्षी शाहू महाराजांचं नावही मी इथं पुढे करत नाही. महाराजांनी १९०६ साली या शहरात मुस्लिम बोर्डिंग काढलं, आपल्या तालमींत गणपतीही बसतो आणि मोहरमचे पंजेही बसतात, बाबूजमाल दर्ग्याच्या दारावर गणपती आहे, हे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त माहीत आहे. काही झालं की दुसऱ्या दिवशी आपण "शाहूंच्या नगरीत हे शोभत नाही" म्हणतो आणि घरी जातो. महाराजांनी त्यांच्या वेळचं काम केलं. आठ चाळीसला आलेल्या मेसेजचं काय करायचं, हे काम आपल्या वाट्याचं आहे.

ज्या पोराने आमच्या ग्रुपवर फोटो टाकला त्याला मी नंतर भेटलो. विशीचा आहे, शिरोली एमआयडीसीत फाउंड्रीत कामाला जातो, तालमीत नेमाने येतो. चांगला पोरगा आहे, हे मी मनापासून लिहितोय. मी त्याला विचारलं, तुला कुठनं आलं? म्हणाला, "काका, तिसऱ्याच ग्रुपवरनं आलं. पण डबल बाण होता ना त्याच्यावर." मला कळेना. त्याने दाखवलं. मेसेजच्या वर एकावर एक दोन बाण. त्याची समजूत अशी, की दोन बाण म्हणजे लय जणांनी पाठवलंय, म्हणजे पक्की बातमी.

दादांनो, दोन बाणांचा अर्थ बरोबर उलटा आहे. जो मजकूर पाच किंवा त्याहून जास्त हातांतनं एकामागून एक फिरत आलाय त्याच्यावर ती खूण येते. त्याला लिहिणारा कोण, हे आता कुणालाच सांगता येणार नाही, असा त्याचा अर्थ. एप्रिल २०२० पासून कंपनीने असा मेसेज एका वेळी एकाच ठिकाणी पुढे पाठवता येईल असं करून ठेवलंय, ते त्याच भीतीने. आमच्या पोराला हे कुणी सांगितलं नव्हतं. तुम्ही सांगितलंय का तुमच्या पोरांना? मी तर नातवाला विचारलं तर त्यालाही माहीत नव्हतं.

कंपनीला ही अक्कल आली तीही माणसं मेल्यावर. १ जुलै २०१८ ला धुळे जिल्ह्यातल्या राईनपाडा गावात, आठवडी बाजाराच्या दिवशी, नाथपंथी डवरी गोसावी समाजाची पाच माणसं जमावाने ठेचून मारली. भिक्षा मागायला गेलेली, आपल्या इकडच्या सोलापूर जिल्ह्यातली, मंगळवेढ्याकडची. मुलं पळवणारी टोळी आलीय असे मेसेज त्या भागात फिरत होते. ग्रामपंचायतीच्या खोलीत नेऊन मारली. त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. डवरी गोसावी आपल्याही दारात येतात, डमरू वाजवत. माझी आई त्यांना सुपात ज्वारी घालायची.

पहलगामनंतरचे दिवस आठवा. डोंगरातल्या एका जोडप्याचा नाचतानाचा व्हिडिओ तुम्हा प्रत्येकाच्या ग्रुपवर आला असेल. नौदलातल्या त्या तरुण अधिकाऱ्याचा आणि त्याच्या नव्या नवरीचा शेवटचा व्हिडिओ म्हणून. आमच्या घरात तो बघून बायका रडल्या. ते जोडपं दुसरंच होतं. त्यांना स्वतः पुढे येऊन सांगावं लागलं, की आम्ही जिवंत आहोत, आमच्या घरचे लोक हे बघून हादरलेत. यात कुणाविषयी द्वेष नव्हता, सगळ्यांनी हळहळूनच पाठवलं. तरीही खोटं ते खोटंच. आणि ती खरी नवरी, जिच्या लग्नाला आठवडाही झाला नव्हता, ती पुढे म्हणाली, की काश्मिरी आणि मुसलमान लोकांच्या मागे लागू नका, आम्हाला न्याय हवा आहे. त्यावर तिच्याविषयी काय काय लिहिलं गेलं ते मी इथं लिहू शकत नाही. राष्ट्रीय महिला आयोगाला त्याचा निषेध करावा लागला. ज्या बाईच्या डोळ्यांसमोर नवरा मारला, तिचं दुःख आपल्याला तोवरच हवं होतं जोवर ती गप्प होती.

त्याच कुरणात एक स्थानिक घोडेवालाही मेला. पर्यटकांना वाचवायला गेला आणि त्यालाही गोळ्या घातल्या. मेलेल्या २६ जणांत तो आहे. आमच्या ग्रुपवर त्याच्याविषयी एक ओळ आली नाही.

मे महिन्यात तर विचारू नका. व्हिडिओ गेममधली विमानं पाडण्याची दृश्यं खरी लढाई म्हणून फिरली. कराचीचं बंदर उडवलं म्हणून टीव्हीवर रात्रभर चाललं आणि सकाळी बंदर जागेवर होतं. ७ मे रोजी पाकिस्तानच्या तोफमाऱ्यात पूंछमध्ये एक मदरशातला शिक्षक मेला. आपला नागरिक, शत्रूच्या गोळ्याने मेलेला. काही वाहिन्यांनी त्याचा दाढीचा फोटो दाखवून त्याला अतिरेकी ठरवलं. पूंछ पोलिसांना निवेदन काढावं लागलं, की हे खोटं आहे. त्याच्या घरच्यांनी एकाच दिवशी माणूसही गमावला आणि अब्रूही. टीव्हीवाल्यांना लिहायला मी कोण? पण ती क्लिप गल्लीपर्यंत आणणारा टीव्ही नव्हता.

हे फक्त आपल्याकडेच होतं असंही नाही. २९ जुलै २०२४ ला इंग्लंडमधल्या साउथपोर्टला एका पोराने चाकूने तीन लहान मुली मारल्या. आरोपी अठरा वर्षांच्या आतला, म्हणून पोलिसांना कायद्याने नाव सांगता येत नव्हतं. ती मोकळी जागा कुणी तरी एका बनावट मुसलमानी नावाने भरली आणि तो बेकायदा बोटीतनं आलेला निर्वासित आहे असं लावून दिलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी तिथल्या मशिदीवर विटा पडल्या. १ ऑगस्टला न्यायालयाने खरं नाव जाहीर होऊ दिलं. पोरगा त्यांच्याच देशात, कार्डिफमध्ये जन्मलेला निघाला. दंगली तरीही पुढे काही दिवस चालल्या. हल्ल्यानंतरचे पहिले काही तास असे असतात. पोलीस गप्प असतात कारण त्यांना अजून माहीत नसतं किंवा सांगता येत नसतं. आपल्याला मात्र आत्ताच नाव हवं असतं. नियंत्रण कक्षात आम्ही याला "लाईन मोकळी पडली" म्हणायचो. लाईन मोकळी पडली, की पहिला फोन नेहमी अफवेचा यायचा.

७ जून २०२३ ला शिवाजी चौकात काय झालं ते तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिलंय. काही पोरांच्या स्टेटसवरनं सुरू झालं. मग बंदची हाक, दगडफेक, लाठीमार, अश्रुधूर आणि शेवटी इंटरनेटच बंद. त्या दिवशी सगळ्यांच्या फोनवरचा आवाज एकदम थांबला, तेव्हा माझी बायको म्हणाली, "बरं झालं बाई, आता तरी खरं काय ते कळेल." मला ते बोलणं तेव्हा विचित्र वाटलं होतं. सरकारने सगळ्या शहराचा फोन बंद करावा, तेव्हा कुठं आपण थांबायचं, ही वेळ परत येऊ नये असं मला वाटतं. फोन बंद करायचा अधिकार सरकारला असेल. ग्रुप थांबवायची कळ तुमच्या हातात आहे.

ती कळ खरंच आहे. ग्रुपच्या सेटिंगमध्ये जाऊन "फक्त ॲडमिन मेसेज पाठवू शकतील" असं करता येतं. कुठेही हल्ला झाला, स्फोट झाला, दंगल झाली, की त्या रात्रीपुरतं एवढं करा. दुसऱ्या दिवशी उघडा. लोक चिडतील, "आमचं तोंड बंद करता काय" म्हणतील. म्हणू द्या. बंधाऱ्याचे बरगे, म्हणजे पाणी अडवायच्या फळ्या, कधी घालायचे आणि कधी काढायचे, हे माहीत असलेला माणूस नदीचा वैरी नसतो. शिवाय दुसऱ्याने टाकलेला मेसेज सगळ्यांसाठी काढून टाकण्याची सोयही ॲडमिनला आहे. पण मला विचाराल तर नुसता काढून टाकू नका. नुसता काढला की लोक म्हणतात, दाबलं. त्याच्या खाली प्रश्न विचारा, सगळ्यांच्या देखत. कुठला फोटो? कधीचा? तू स्वतः पाहिलंस की आलंय? ज्याला या तिन्हींची उत्तरं देता येत नाहीत त्याला रागवायचं कारण नाही. तो स्वतःच ओशाळतो. पातळीचा आकडा टाकणाऱ्याला तुम्ही हेच विचारता आणि तो कधी रागावत नाही.

आपल्यातले काही ॲडमिन पोलिसांच्या नोटिसांना भिऊन आहेत, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने २०२१ मध्ये म्हटलं आहे, की सदस्याने टाकलेल्या मजकुराबद्दल नुसता ॲडमिन आहे म्हणून कुणी दोषी ठरत नाही. त्यात त्याचा हेतू सामील असल्याचं दिसलं पाहिजे. तेव्हा कायद्याचा धाक घालायला हे पत्र नाही. कायदा तुम्हाला सोडेलही. बोळाच्या तोंडाशी मोकळी पडलेली ती जागा मला रोज दिसते.

कुणी म्हणेल, काका, एका आंबेवाल्याचं एवढं काय धरून बसलात, तिकडं सव्वीस माणसं गेली. गेली. त्यांच्यासाठी दुसऱ्याच दिवशी मेणबत्त्या घेऊन आपण चौकात उभे होतो, मीही होतो. पण त्या सव्वीस जणांचे मारेकरी शोधायला आपल्या बोळातली पाच-सहा पोरं काहीही करू शकत नव्हती. ती जे करू शकत होती ते त्यांनी केलं आणि ते त्या मारेकऱ्यांना हवं होतं तेच होतं. राग खरा असला म्हणून त्याखाली आलेला फोटो खरा होत नाही.

माझं मागणं मोठं नाही. ज्या ग्रुपवर खोटं गेलं त्याच ग्रुपवर, तेवढ्याच ठळक, दुरुस्ती जाऊ द्या. माझी ती गुरुवार सकाळची ओळ कुणी पुढे पाठवली नाही. आमच्या ॲडमिनने अंगठा दाखवला आणि दहा मिनिटांत कुणी तरी क्रिकेटचा स्कोर टाकला. फोटोला पंख होते, दुरुस्तीला पायही नव्हते. वहीत चुकीचा आकडा पडला तर आम्ही तो खोडत नसू. त्याच्यावर एक रेघ मारायची, शेजारी बरोबर आकडा लिहायचा आणि सही करायची. चूक दिसली पाहिजे आणि ती कुणी दुरुस्त केली तेही दिसलं पाहिजे. आणि ज्या पोराने टाकलं त्याला ग्रुपमधनं काढू नका. काढलं की तो दुसऱ्या ग्रुपवर जाईल, जिथं त्याला विचारणारं कुणी नसेल. आमच्या पोराला मी म्हटलं, माझ्याबरोबर मामूंच्या घरी चल. अजून तयार नाही. "तोंड कसं दाखवू काका," म्हणतो. म्हणजे त्याला कळलंय. एकट्याला जड जातंय. तालमीतले चार जण बरोबर आले तर तो येईल.

या आठवड्यात नदीला पाणी वाढायला लागलंय. तुमच्या ग्रुपवर पातळीचे आकडे पडायला लागतील. त्या आकड्यांच्या मधेच कधी तरी हा मजकूर टाका, एवढी विनंती. मी तो वहीतल्यासारखा लिहिलाय. पहिली सही माझी आहे. खालची जागा आमच्या गल्लीच्या ॲडमिनसाठी सोडलीय आणि तुमच्या गल्लीत असा कुणी मामू असेल तर नाव, वार बदलून तुम्हालाही वापरता येईल.

"दि. २३ एप्रिल २०२५, बुधवार, रात्री ८ वाजून ४० मिनिटं. या ग्रुपवर आपल्या बोळात आंबे विकणाऱ्या मामूंचा फोटो, पहलगामच्या हल्ल्यानंतर त्यांनी पेढे वाटले असं लिहून टाकण्यात आला. तो मजकूर खोटा आहे. फोटो सोमवार दि. २१ एप्रिलचा, हल्ल्याच्या आदल्या दिवसाचा आहे. मिठाई बर्फी होती. त्यांना नात झाली म्हणून वाटली होती. ज्यांनी फोटो पुढे पाठवला त्यांनी हा मजकूर त्याच माणसांना, त्याच ग्रुपवर पाठवावा. खात्री कुणी केली: शुक्रवार पेठेतला निवृत्त कारकून, पाटबंधारे खातं. बर्फी माझ्या घरी आली होती. कळवायला उशीर: १३ तास ५ मिनिटं.

ॲडमिनची सही:"